खेचराचा पडलेला कान

विलर्ड्स लॉक गावात कालवा होता तेव्हा नावा ओढायला खेचरं होती. पुढे कालवा बुजला, खेचरं गेली, आणि मागे राहिलं ते फक्त बेसबॉल संघाचं नाव. म्यूल्स, म्हणजे खेचरंच. गर्द हिरवी टोपी, तिच्यावर पांढऱ्या दोऱ्यानं भरलेलं खेचराचं डोकं. एक कान ताठ उभा, दुसरा कपाळावर पडलेला. पेन्सिल्व्हेनियातल्या छोट्या संघांमध्ये याहून देखण्या टोप्या पुष्कळ होत्या. पण गावातले पुरुष याच टोपीत हरणाच्या शिकारीला जात, चर्चच्या दारात हीच काढून हातात धरत, आणि दोघातिघांच्या तर शवपेटीतही घरच्यांनी हीच ठेवली होती.

मेर्ला डिट्वायलर अडतीस वर्षं या संघाचे कपडे सांभाळत होती. मैदानाच्या एका कडेला, तिसऱ्या बेसच्या बाजूला, प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली तिची खोली होती. घसरून फाटलेल्या पँटी तिथं शिवायच्या, वरच्या संघात बढती मिळालेल्याचं नाव जर्सीच्या पाठीवरून उसवायचं, नव्या आलेल्याचं लावायचं. नवरा गेल्यापासून ती सुट्टीच्या दिवशीही तिथंच सापडायची.

ऑगस्टमध्ये जुन्या मालकाच्या, म्हाताऱ्या स्टौफरच्या, मुलींनी संघ बाहेरच्या एका कंपनीला विकला. जानेवारीत मैदानाच्या फाटकावर कागद लागला : टोपी आणि गणवेश बदलायचा विचार आहे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सभा. गावाचं मत घेतलं जाईल.

त्या दिवसापासून गावात दुसरा विषय नव्हता. सकाळच्या नाश्त्याला सगळे कोराच्या हॉटेलात जमत. तिथं निवृत्त पोस्टमन ऑर्विलनं वर्तमानपत्रात आलेलं नवं चित्र टेबलावर पसरलं. काळी टोपी, तिच्यावर चकाकत्या हिरव्या रंगाचं खेचर. मान जाड, डोळे लाल, दात विचकलेले, दोन्ही कान भाल्यासारखे ताठ.

"हे खेचर आहे की तालमीतला दादा?" ऑर्विल म्हणाला. "आणि डोळे बघा. याला आधी डॉक्टरकडे न्या."

"जर्सीपण काळी?" मेर्लानं विचारलं. "जुलैच्या दुपारी?"

"कंपनीचे साहेब खेळणार असतील," ऑर्विल म्हणाला.

कोरा कॉफी ओतता ओतता थांबली. "तुम्ही हसा. मला ते बरं वाटतं. माझी लेक जुनी टोपी घालायला लाजते. शाळेत पोरं म्हणतात, तुमचं खेचर झोपलंय. आणि खोटं काय त्यात? चार वर्षं खालून दुसरे आहोत आपण."

"टोपीमुळे हरतो का आपण?" मेर्ला म्हणाली.

"टोपीमुळे जिंकत तरी कुठं होतो?"

रस युंकिन आतापर्यंत अंडी संपवत होता. रस म्हणजे मैदानाचा आवाज. एकोणतीस वर्षं तो वरच्या खोलीत बसून प्रत्येक खेळाडूचं नाव लाउडस्पीकरवर पुकारत होता. त्यानं तोंड पुसलं आणि सावकाश म्हणाला, "कोरा, ते खेचर दमलेलंच दिसायला पाहिजे. त्यानं आयुष्यभर ओझं ओढलंय. या नव्यानं काय ओढलंय?"

टेबल हसलं. मेर्लाला बरं वाटलं. रस बोलला की गाव ऐकतं, हे तिला ठाऊक होतं. बाहेर पडताना ती त्याला म्हणाली, "सभेत मी टोपीबद्दल बोलते, शिलाईचं वगैरे. शेवटी तू बोल."

"बोलेन की," रस म्हणाला आणि गाडीची किल्ली शोधू लागला.

त्या कानाची एक गोष्ट होती. दर वर्षी पहिल्या सामन्याला रस ती लाउडस्पीकरवरून सांगायचा. छत्तीस सालच्या पुरात बेस नावाच्या खेचरानं माणसांनी भरलेली नाव रात्रभर दोरानं धरून ठेवली, आणि दोर घासून घासून त्याचा कान कायमचा पडला. लोक टोप्या काढून ऐकायचे.

खरं वेगळंच होतं. पंच्याऐंशी साली मेर्ला तेवीस वर्षांची होती आणि मिल स्ट्रीटवरच्या भरतकामाच्या कारखान्यात यंत्रावर बसायची. संघाच्या टोप्यांचं पहिलंच काम तिच्याकडे आलं. टोपी ताणून धरणारी फ्रेम तिनं नीट आवळली नाही, कापड सरकलं, आणि साठ टोप्यांवर उजवा कान खाली आला. माल न्यायला स्टौफर स्वतः आला होता. त्यानं एक टोपी हातात घेतली, उलटसुलट केली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "पुन्हा करून देते," ती म्हणाली. "हात लावू नकोस," तो म्हणाला. "हेच खेचर खरं काम केलेलं दिसतंय." पुढच्या वर्षी त्यानं तिला संघात नोकरी दिली.

हे तिनं एकट्या रसला सांगितलं होतं. नवरा गेला त्या उन्हाळ्यात, रिकाम्या मैदानात पायऱ्यांवर बसून. खूप दिवसांनी त्या दुपारी ती हसली होती. रस म्हणाला होता, "मी पुराचीच सांगत राहीन. ही तुझी आहे."

सभेला हॉल भरला होता. कंपनीतर्फे प्रेस्टन हॉलक्रॉफ्ट नावाचा माणूस आला होता. तिशीतला, नम्र, सगळ्यांची नावं पाठ करून आलेला. त्यानं पडद्यावर चित्रं दाखवली आणि म्हणाला, "निर्णय तुमचा. आम्ही ऐकायला आलो आहोत."

मेर्लानं कागदावर लिहून आणलं होतं. चष्मा लावून ती उभी राहिली. "टोपी लांबून ओळखू आली पाहिजे," ती म्हणाली. "शेवटच्या पायरीवरून. एक कान वर, एक खाली असं खेचर जगात कुठं नाही, म्हणून आपलं पोरगं कुठंही उभं असलं तरी कळतं. ताठ कानांची जनावरं प्रत्येक संघाकडे आहेत. दुसरं, या नव्या चित्रात नऊ रंग आहेत. मी मोजले. एवढे टाके एका जागी बसले की टोपीचा पुढचा भाग पुठ्ठ्यासारखा होतो. घाम शोषत नाही, कपाळाला लागतो. आणि ते दात तीन धुण्यांत विरतील."

लोक हसले आणि टाळ्या पडल्या. हॉलक्रॉफ्टनंही वहीत काहीतरी टिपून घेतलं. मेर्ला खाली बसली. आपण बरं बोललो असं तिला वाटलं.

मग रस उठला. माइक घ्यायची त्याला गरज नव्हती.

"एकोणतीस वर्षं मी तुम्हाला पुराची गोष्ट सांगितली," तो म्हणाला. "आज कबूल करतो, ती मी रचलेली आहे. बेस नावाचं खेचर कधी नव्हतंच. कान पडला तो शिलाईच्या चुकीनं. कारखान्यात फ्रेम सरकली. आणि त्या यंत्रावर कोण बसलं होतं, विचारा. आपली मेर्ला."

सगळा हॉल एकदम हसला.

"मला ती चूक आवडते," रस पुढे म्हणाला. "मेर्लाही आवडते. पण ती स्वतःचीच चूक धरून बसली आहे. तिच्यासाठी आपण सगळ्यांनी चाळीस वर्षं तिथंच उभं राहायचं का?"

मागून कोणीतरी ओरडलं, "मेर्ला, इतकी वर्षं आम्हाला रद्दी माल घालायला लावलास की गं."

त्या हसण्यात वाईटपणा नव्हता. हसणाऱ्यांच्या पँटी तिनं शिवल्या होत्या, मुलींच्या लग्नाचे झगे आत घेतले होते. म्हणूनच तिला तोंड लपवायला जागा उरली नाही. "मी पुन्हा करून देते म्हटलं होतं," ती म्हणाली. शेजारी बसलेल्या ऑर्विलशिवाय कोणाला ते ऐकू गेलं नाही, आणि ऑर्विल बुटांकडे बघत होता.

हात वर झाले. नव्या टोपीला एकशे बारा, जुनीला एकसष्ट. मेर्लानं रसकडे पाहिलं. तो हॉलक्रॉफ्टशी बोलत होता.

तीन आठवड्यांनी तिच्या खोलीच्या दाराशी खोकी येऊन पडली. तिनं पहिलं खोकं कापलं. काळ्या टोप्या, नऊ रंग, दात. सवयीनं तिनं एक टोपी उलटी करून आतली शिलाई तपासली. शिलाई चांगली होती. आतल्या पट्टीवर बारीक अक्षरांत महिना छापलेला होता. डिसेंबर.

सभेचा कागद फाटकावर लागण्याच्याही आधीचा महिना. तिनं आणखी सात खोकी उघडली. सगळीकडे तेच.

ती खोक्यावर बसली होती तेव्हाच हॉलक्रॉफ्ट आला.

"मिसेस डिट्वायलर, बरं झालं भेटलात. यंदापासून नावं आणि नंबर बाहेरूनच छापून येणार आहेत. उष्णतेनं चिकटवतात, शिलाई लागत नाही. पहिल्या सामन्यापर्यंत तुम्ही आहातच."

"आणि नंतर?"

"नंतरसाठी आमच्याकडे एक छान कल्पना आहे. तुमची ती कानाची गोष्ट लोकांना फार आवडली. रविवारच्या सामन्याला आपण जुनी टोपी पुन्हा विकायला ठेवणार आहोत, 'ती सुप्रसिद्ध चूक' म्हणून. तुम्ही टेबलाशी बसून टोप्यांवर सही कराल का?"

मेर्लानं हातातली टोपी खोक्यात ठेवली. "डिसेंबरात शिवून झाल्या होत्या या."

त्यानं टोपीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तयारी आधी करावीच लागते," तो म्हणाला. "सहीचं काय सांगू?"

"नाही सांगा."

"हरकत नाही. गोष्टीत तुमचं नाव आम्ही घालणार नाही," तो म्हणाला. त्याला ते उपकारच वाटले असावेत.

एप्रिलमध्ये पहिल्या सामन्याच्या दुपारी ती खोली आवरत होती तेव्हा रस दारात आला. सभेनंतर तो तिच्याशी बोलला नव्हता. अंगात नवं काळं जाकीट होतं, छातीवर ते खेचर, आणि बाह्या बोटांपर्यंत आलेल्या.

"बाह्या लांब झाल्यात," तो म्हणाला. "तासाभरात सुरू होतंय. जरा बघतेस?"

नाही म्हणायला ती तोंड उघडणार होती. पण लांब बाह्यांचा माणूस दारात उभा राहिला की तिचे हात आपोआप टाचण्यांकडे जात. "हात पुढे कर," ती म्हणाली.

ती पहिली बाही दुमडू लागली. रस भिंतीकडे बघत होता. "तीन वर्षांचा करार दिलाय त्यांनी मला," तो म्हणाला. "माझ्या जागी रेकॉर्ड केलेला आवाज लावणार होते. माझं वय बघ, मेर्ला. मी दुसरं काय करणार?"

"टोप्या डिसेंबरातच शिवून झाल्या होत्या, रस. मतांना काही अर्थ नव्हता. तू गप्प बसला असतास तरी हेच झालं असतं." हे सांगायचं असं तिनं कितीतरी दिवस मनात घोळवलं होतं. तो ऐकून पांढरा पडेल, खाली बसेल, असं तिला वाटलं होतं.

रस बसला नाही. "माहीत होतं," तो म्हणाला.

तिचा हात थांबला.

"नोव्हेंबरातच हॉलक्रॉफ्टनं टोपीचं चित्र दाखवलं होतं मला. ठरलेलंच होतं सगळं. म्हटलं, टोपी तर गेलीच, निदान माझी खुर्ची राहू दे."

"कोराच्या हॉटेलात तू बोललास तेव्हाही?"

"तेव्हाही."

"मग सभेत नुसतं 'नवी बरी आहे' म्हणून बसायचं होतंस. कानाचं कशाला सांगितलंस?"

वर पायऱ्यांवर लोक चढू लागले होते. त्यांची पावलं छतावर वाजत होती.

"कंपनीला एखादी गोष्ट हवी होती," रस म्हणाला. "लोकांना हसवेल अशी. म्हणजे राग राहणार नाही. माझ्याकडे दुसरी नव्हती."

मेर्लानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. लाज होती तिथं, पण ती जुनी झालेली, लाजेसोबत राहायला शिकलेल्या माणसाची. एवढ्यावर तिनं त्याला माफ करावं अशी त्याची अपेक्षा होती. आणि नाही केलं तरी तो तासाभरात वर जाऊन खणखणीत आवाजात नावं पुकारणार होता.

"दुसरा हात," ती म्हणाली.

तिनं दोन्ही बाह्या दुमडल्या, जाकीट उतरवून घेतलं आणि यंत्रावर टीप मारली. टाके बारीक आणि सरळ पडले. मुद्दाम वाकडी शिलाई मारणं तिला येतच नव्हतं. रसनं जाकीट घातलं, मनगटं पाहिली आणि काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"जा, उशीर होईल," ती म्हणाली.

तो गेल्यावर तिनं यंत्राची वायर काढून गुंडाळली. यंत्र संघाचं होतं, ते राहिलं. कात्री तिची होती, ती पर्समध्ये टाकून ती मागच्या फाटकानं बाहेर पडली. फाटकावरचा नवा माणूस तिला म्हणाला, बाई, एकदा बाहेर गेलात की पुन्हा आत यायला तिकीट लागेल. ती म्हणाली, ठीक आहे.