मिरचीचे हात

मला किळस फार लवकर येते. चहावर जमलेली साय, बसमध्ये शेजारच्याचा घामट दंड, आमच्या दुकानाच्या भैयाजींचं गिऱ्हाइकासमोरचं हसू, आणि रोज सकाळी बेसिनवर वाकून गुडाखू घासणारी माझी सासू. यातलं सगळ्यात जास्त काय, असं कोणी विचारलं असतं तर मी विचार करायलासुद्धा थांबले नसते. सासू.

जिजाबाई तिचं नाव. माहेर-सासर दोन्ही भिवापूर. उभा जन्म दुसऱ्यांच्या मिरच्यांचे देठ खुडण्यात गेला. दोन वर्षांपूर्वी सासरे वारल्यावर रोहितने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तिला आमच्याकडे नागपूरलगतच्या वाडीला आणलं आणि ती आपल्या सवयी गाठोड्यात बांधून घेऊन आली. तिचा भाचा महिन्याला एक पोतं मिरची पाठवतो. ती बैठकीत पाय पसरून देठ खुडते आणि गल्लीत विकते. घरभर ठसका. ती ज्याला हात लावील ते झोंबतं. एकदा तिने घडी घातलेल्या टॉवेलने मी तोंड पुसलं आणि अर्धा तास नळाखाली डोळे धरून बसले. वर तो गुडाखू. तंबाखूचा काळा, गुळचट लगदा बोटावर घेऊन पंधरा मिनिटं दात घासायचे आणि मग बेसिनमध्ये जे थुंकायचं, त्याचं वर्णन मी करणार नाही. जेवण झालेलं असेल तुमचं.

टॉवेलच्या त्या दिवसापासून मी तिचा कप वेगळा काढला. निळा, कान तुटलेला. रोहितच्या ते लक्षात आलं.

"आपल्या घरी वेगळा कप, दिपाली?" तो म्हणाला.

भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. सासूच्या वडिलांनी आणि माझ्या आजोबांनी छप्पन साली एकाच मैदानावर दीक्षा घेतलेली. मी फोटोकडे न बघता म्हटलं, "हा जातीचा सवाल नाई. तिखटाचा आहे."

तेव्हा मला हे उत्तर फार हुशारीचं वाटलं होतं. दुसऱ्या दिवसापासून निळा कप सासू स्वतःच विसळून ठेवू लागली.

मी गिटारी दुरुस्त करते. नागपुरात महाल भागात भैयाजींचं वाद्यांचं दुकान आहे, तिथे नऊ वर्षं झाली. मान तुटलेल्या, पोट फुगलेल्या, पोरांनी पायाखाली घेतलेल्या गिटारी मी नीट करते आणि भैयाजी गिऱ्हाइकाला सांगतात, "अपने हाथ का काम है." आयत्या बिळावर नागोबा. त्यांच्या त्या हाताला पटाशी धरता येत नाही. मागच्या वर्षी मी दोन गिटारी पहिल्यापासून शेवटपर्यंत बनवल्या, तर दोन्हींच्या आत भैयाजींच्या नावाची चिठ्ठी चिकटली. ती चिकटवायलाही त्यांनी मलाच सांगितलं.

म्हणून अबोलीची ऑर्डर मी घरी घेतली. अबोली लहान पोरांना गिटार शिकवते. हात लहान, म्हणून तिला लहान अंगाची गिटार पाहिजे होती. सात जूनला तिचा कार्यक्रम होता. "आत नाव तुझंच लाव, ताई," ती म्हणाली, आणि मला त्या रात्री झोप आली नाही. सदतीस वर्षांत माझं नाव रेशनकार्डावर आणि लग्नपत्रिकेवर सोडून कुठे छापलेलं मी पाहिलेलं नाही.

मागची टिनाची खोली हाच माझा कारखाना. बाजूला आणि पाठीला शिसम घेतलं. वरच्या पानासाठी, ज्याच्यावर गिटारचा सगळा आवाज असतो, एकच फळी होती. रोहित वाडीतच एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात सुपरवायझर आहे. तिथे परदेशी मशीनच्या खोक्यातून ती निघाली. पांढरी, हलकी, सरळ बारीक रेषांची. चार वर्षं मी ती माळ्यावर वाळवली. तशी दुसरी नाही आणि विकत घ्यायची माझी ऐपतही नाही. तिचे दोन पातळ काप काढून मधोमध जोडले, रंधा मारला, तीन मिलिमीटरपर्यंत आणलं. बोटाने टकटक केलं की ते पान बोलायचं.

आता या कामातली एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं. या पानाला आतून पट्ट्या चिकटवायच्या असतात, आणि ते कोरड्या हवेत करावं लागतं. लाकूड ओल पितं आणि फुगतं. फुगलेल्या लाकडाला पट्टी चिकटवली तर पुढे ते सुकताना आकसायला बघतं, पट्टी त्याला आकसू देत नाही, आणि ते तडकतं. म्हणून मे महिन्यातही मी त्या खोलीत कूलरचा वारा येऊ देत नव्हते. बाहेर सेहेचाळीस, आत सरस उकळतोय. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्याचा गोंद. त्याचा वास मेलेल्या उंदरासारखा येतो. त्यात मी घामाने निथळत उभी. पण त्या वासाची मला कधी किळस आली नाही. हे मला आता आठवतं.

पट्ट्या चिकटवायच्या आठवड्यात भिंतीवरचं ओल मोजायचं मीटर विचित्र वागू लागलं. रोज संध्याकाळी मी दुकानातून आले की काटा वर चढलेला. टिनाच्या खोलीत, नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांच्या, आधीच्या उन्हात, एवढी ओल? मी मीटरला टिचकी मारली. काटा हलला नाही. "चायनाचा माल," मी म्हटलं, एक शिवी घातली आणि पट्ट्या चिकटवल्या.

पुढचं भराभर झालं. सासू भिवापूरला पुतणीच्या लग्नाला गेली, दहा दिवस घर माझं झालं. बेसिन पांढरं दिसू लागलं. मी गिटारचा ढोल, म्हणजे पोटाची पेटी, बंद केला, मान बसवली, पॉलिशचा पहिला हात दिला. आतमध्ये चिठ्ठी लावली. मीच लिहिलेली, काळ्या शाईत. दिपाली रोहित मेश्राम, वाडी, नागपूर. गिटारच्या तोंडातून, म्हणजे वरच्या गोल भोकातून, ती दिसते का हे मी दहा वेळा वाकून बघितलं. दिसत होती.

तीस तारखेला सकाळी दार उघडलं आणि पानावर, खालच्या बाजूला, केसासारखी एक रेष. नखाने चाचपली. नख अडकलं. वीतभर तडा.

त्याच दुपारी सासू गावाहून परत आली. मी टिनाच्या खोलीत जमिनीवर बसलेली. ती दारात उभी राहिली, वाकून बघितलं आणि हळहळली.

"अवं माय वं! तुटली का? मी नव्हती ना घरी. कोणी ओल नसन देल्ली."

"ओल?" मी विचारलं. "कोणती ओल?"

"मी देत जाऊ ना रोज. तू दुकानात गेली की कूलर इकडे फिरवो, अन् ओलं लुगडं टाकून ठेवो त्या फळीवर. तू येयाच्या आंधी काढून घेवो." तिच्या चेहऱ्यावर शाबासकीची अपेक्षा होती. "वाळली मिरची तशीच हाती घेतली का तुकडे होते तिचे. पहिले ओल द्या लागते. तुही फळी त पापडावानी पातळ. म्हटलं, तुटून जाईन, पोरीची मेहनत वाया जाईन."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मीटर खरं बोलत होतं. चार वर्षं वाळवलेली फळी, माझी एकुलती एक फळी, या बाईने मिरचीच्या पोत्यासारखी भिजवली होती.

"काहून हात लावला तुम्ही?" मी ओरडले. "कोणी सांगितलं होतं? तुमच्या हाताची किळस येते मले! घाणेरडे हात! जिथं लागतात तिथं घाण करतात. आजपासून या घरात माह्या कशालेच हात लावायचा नाई. कशालेच!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण खरं सांगायचं तर तेव्हा बरं वाटलं. दोन वर्षांचं साचलेलं एका श्वासात बाहेर पडलं. सासूने आपले हात पदराखाली घेतले आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी भैयाजींकडे चार दिवसांची सुट्टी मागितली, तेव्हा कारण सांगावं लागलं. ते हसले. तेच हसू. "यहां ले आ. मसाला भरून पॉलिश मारून देऊ, कोणाच्या बापाले समजणार नाही. चिठ्ठी मात्र आपल्या दुकानाची लागन." मला ओकारी आली. तडा लपवलेली गिटार अबोलीच्या हातात देणं आणि त्यावर यांचं नाव. त्यापेक्षा मी ती चुलीत घातली असती. पण सात तारखेपर्यंत तडा बुजला नाही, तर अबोलीला कार्यक्रमाला भैयाजींच्याच दुकानातली गिटार घ्यावी लागणार होती, आणि मी पुन्हा त्यांच्या चिठ्ठ्या चिकटवायला मोकळी.

तडा बुजवायची रीत मला माहीत होती. नऊ वर्षं तेच केलंय. लाकूड आकसून तडकलं असेल तर त्याला आधी हळूहळू ओल द्यायची, म्हणजे ते फुगतं आणि तडा मिटतो. मग सरस भरायचा आणि आतून लाकडाचे छोटे तुकडे ठिगळासारखे लावायचे. मी ओला स्पंज डबीत घालून गिटारच्या पोटात ठेवला. वरून ओलसर फडकं टाकताना हात क्षणभर थांबला. जे तिने केलं तेच मी करत होते. पण मी ते मनातून झटकून टाकलं.

दोन दिवसांत तडा मिटला. घोडं अडलं ते ठिगळांवर. लहान अंगाची गिटार, तोंडही लहान. माझा हात रंधा मारून मारून जाड झालेला, कोपराच्या अलीकडेच अडकायचा. तड्यापर्यंत बोटं पोचत नव्हती. रोहितचा हात तर मनगटाशीच अटकला. आत जाईल असा काडीसारखा हात, न बघता नुसत्या स्पर्शाने तुकडा बरोबर जागी बसवून दाबून धरील अशी बोटं. घरात असा हात एकच होता.

त्या दोन दिवसांत सासू घरात कशी वागत होती याकडे माझं लक्ष नव्हतं. रुसली असेल, म्हटलं. मिरचीचं पोतं शेजारच्या रंभाबाईकडे गेलं होतं. गुडाखू दिसत नव्हता. मला तर सुटल्यासारखं झालं होतं.

तीन तारखेला दुपारी मी स्वयंपाकघरात गेले, तर ती दाराबाहेर उंबऱ्याशी उकिडवी बसलेली. ओठ सुकलेले. माठ आत, तिच्यापासून चार पावलांवर.

"पाणी देतं का वं?" ती म्हणाली.

मी तिचा निळा कप शोधला. दिसला नाही. मग माझाच पेला भरून पुढे केला. तिने घेतला नाही. दोन्ही हात जुळवून ओंजळ केली, तोंडाशी नेली आणि मान खाली घातली.

"वरून टाक. पेल्याले लागन नाई तर."

"आई, पेला घ्या ना."

"असू दे. येते मले. माह्या मायनं लहानपणीच शिकवलं होतं. तिले पाटलाच्या विहिरीवर असंच देत." तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. "मले कधी काम नाई पडलं. टाक."

मी पाणी टाकलं. का टाकलं, ठाऊक नाही. पेला तिच्या हातात कोंबायला हवा होता, फेकून द्यायला हवा होता. पण तिला तहान लागली होती, ओंजळ समोर होती आणि माझा हात आपोआप वर गेला. पाणी तिच्या मनगटांवरून कोपरापर्यंत ओघळलं. ती घटाघटा पीत होती. पाटलाच्या घरची कोणती बाई अशी उभी राहत असेल, एक हात कमरेवर ठेवून? मी खाली बघितलं. माझा एक हात कमरेवर होता.

आयुष्यात मला किती तरी गोष्टींची किळस आली, पण तेव्हा आली तशी कधी आली नाही. पोटातून वर आली. सायीची नव्हती, गुडाखूची नव्हती. माझीच मला.

माफी मागायची हिंमत नव्हती म्हणून मी कामाचं बोलले.

"आई, तुमचा हात पाहिजे. गिटारच्या आत घालायले. माहा जात नाई."

तिने वर बघितलं. आधी माझ्याकडे, मग आपल्या हातांकडे.

"हा हात?"

"हो."

ती गुडघ्यावर जोर देत उठली आणि मोरीवर गेली. नळ सोडला. कपड्याचा साबण घेतला आणि हात धुऊ लागली. तळवे, मनगटं, कोपरापर्यंत. मग घासणी घेतली, भांड्यांची, तारेची. बोटांची टोकं घासली. नखं घासली. पुन्हा साबण. मी "बस झालं, आई" म्हणाले, ते तिला ऐकू गेलं नाही किंवा पटलं नाही. चाळीस वर्षं मिरचीने भाजलेली ती बोटं लालबुंद झाली, एका ठिकाणी रक्त आलं, तेव्हा कुठे तिने नळ बंद केला.

मग शाळेतली पोरं बाईंपुढे धरतात तसे तिने दोन्ही हात माझ्यासमोर धरले, पालथे आणि उताणे.

"पाह्य बरं," ती म्हणाली, "निंगाली का घाण?"

माझ्या गिटारच्या पोटात, काळ्या शाईत, माझं नाव होतं. मी तिचे ओले हात माझ्या पदराने पुसले. मग तोच पदर डोळ्यांना लावला. झोंबलं नाही.