पाठाळाचं कार्ड

बायको जाऊन दोन महिने झाले, तेव्हा शब्दकोशाच्या कचेरीतल्या बाई घरी आल्या. ही त्यांच्यासाठी जुने शब्द लिहून द्यायची, एका कार्डावर एक. कोशाचा पुढचा भाग छापायला जायचा होता, म्हणून त्यांना उरलेली कार्डं हवी होती.

मी कार्डांची पेटी पुढे सरकवली. एक कार्ड तेवढं खिशात ठेवलं होतं. तिनं लिहिलेलं ते शेवटचं.

बाईंनी आपल्या यादीशी ताडत कार्डं चाळली. "काका, यात 'पाठाळ' दिसत नाही."

मी जरा इकडंतिकडं बघितलं, मग निमूट काढून दिलं. बाईंनी मोठ्यानं वाचलं, "पाठाळ. 'पाठ' वरून. पाठीवर ओझे वाहणारे जनावर. बैल, घोडा, खेचर. गाडीचा बैल यात येतो का? ह्यांना विचारणे."

त्यांनी वर पाहिलं. "विचारलं होतं त्यांनी?"

"नाही. राहून गेलं."

"अर्धवट शब्द छापत नाहीत हो. गाळतात. आता तुम्हीच सांगा."

शब्द आमच्याच घरातला. डोंगरात गाडी चढायची नाही, तेव्हापासून वडील जनावरांवर माल वाहायचे. पुढे मी खेचरं घेतली.

"गाडीचा बैल येत नाही," मी म्हणालो. "तो थांबला की ओझं गाडीवर राहतं. पाठाळ थांबलं तरी ओझं अंगावरच. ते उतरवायला दोन माणसं लागतात. दोन्हीकडची पोती एकदम उचलायची. एकट्यानं एक काढलं, तर दुसरं खोगीर फिरवतं आणि जनावर आडवं होतं."

"दुसरं माणूस कोण असायचं?"

"हीच की. तीस वर्षं. मी 'हं' म्हणायच्या आधीच उचलायची, आणि वर मलाच म्हणायची, झोप लागली का उभ्या उभ्या?"

बाई हसल्या. मलाही हसू आलं, पुरतं नाही.

"लिहा तुम्हीच, तिच्या खाली," त्या म्हणाल्या.

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तरी लिहिलं, 'गाडीचा बैल येत नाही. उतरवायला दोघे लागतात.' शाई वाळेपर्यंत कार्ड हातात धरलं आणि पेटीत घातलं.

पेटी चांगलीच जड होती. एक कडी बाईंनी धरली, एक मी. दोघंही वाकलो.

बाई माझ्या 'हं'ची वाट बघत थांबल्या.