सातव्या रात्रीचे फेटे

कला महोत्सवात शरणप्पांचा फायदा काय, याचा हिशेब उमरग्यात मांडव पडायच्या आधीच झाला होता, आणि तो शरणप्पांनी स्वतःच केला होता. स्टेज त्यांच्या कापड दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत. म्हणजे आठवडाभर गावाचं तोंड स्टेजकडे, आणि स्टेजच्या डोक्यावर दुकानाची पाटी. हा एक. दुसरं म्हणजे दुकानाच्या माळ्यावर लग्नसराईत न खपलेल्या भगव्या फेट्यांचे गठ्ठे पडून होते. महोत्सव म्हटला की सत्कार, आणि सत्कार म्हटला की फेटा. समितीला फेटे कुठून घ्यावेत असा प्रश्नच पडू नये म्हणून शरणप्पांनी जागा फुकट दिली होती. ज्याच्या जागेत फुकट बसायचं त्याच्यासमोर दुसऱ्याच्या दुकानातला फेटा बांधून घ्यायला हिंमत लागते, आणि ती समितीत कुणाकडंच नव्हती.

उमरग्यात तयार फेटा चालत नाही. तयार फेट्याला इथले लोक टोपी म्हणतात आणि टोपी घातली असं कुणालाच म्हणवून घ्यायचं नसतं. फेटा माणसाच्या डोक्यावर, लोकांसमोर, एकेक वेढा देत बांधला गेला पाहिजे. तुरा उभा राहिला पाहिजे, शेमला पाठीवर सुटला पाहिजे. एवढं झाल्यावर सत्कारमूर्तीला 'दोन शब्द' बोलायला सांगतात. फेटा बांधणारे शिवप्पा हातानं चपळ होते, पण दोन शब्दांत थांबणारा माणूस तालुक्यात अजून निघालेला नाही.

महोत्सव सात रात्रींचा. पोलिसांची परवानगी दहापर्यंत. फौजदार साहेब भले माणूस, रोज पहिल्या रांगेत बसत आणि दहाच्या ठोक्याला माइकवाल्याकडं नुसते बघत.

पहिल्या रात्री सोलापूरचा ऑर्केस्ट्रा होता. त्यातली बरीचशी गाणी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी शरणप्पा समितीचे अध्यक्ष उत्तरेश्वरराव यांच्याकडं चहाला गेले. उत्तरेश्वरराव पंचायत समितीचे माजी सभापती. गाव त्यांना आबा म्हणे.

"आबा, पाण्याचा टँकर ज्यानं दिला, त्याचा सत्कार राहिला की," शरणप्पा म्हणाले.

"राहिला व्हय?"

"आणि गाड्या लावायला ज्यांची जागा घेतली ते? उद्या वाईट वाटून घेतील."

"त्येंचाबी घ्या मग."

शरणप्पा रोज चहाला जात आणि रोज कुणाला तरी वाईट वाटणार असे. खुर्च्यावाला झाला, खुर्च्या उतरवून घेणारा झाला. धुळीची तक्रार असूनही ज्यांनी ती केली नाही, त्यांचा तक्रार न केल्याबद्दल सत्कार झाला. तिसऱ्या रात्री शाहिरांना एकच पोवाडा म्हणता आला. हास्यकवी संमेलनात कवींच्या वाट्याला चार-चार ओळी आल्या. जादूगाराचं कबूतर तर पेंडीच्या व्यापाऱ्याचं भाषण चालू असताना कंटाळून आपलं आपणच बाहेर आलं आणि लोकांनी व्यापाऱ्यासाठी टाळ्या वाजवल्या. माळ्यावरचे गठ्ठे उतरत होते. शरणप्पा रात्री जेवताना एक भाकरी जास्त खात.

त्याच घरात, त्याच ताटांत भाकरी वाढणारी सून भुवनेश्वरी मात्र कमी जेवायला लागली होती. शेवटची, रविवारची रात्र तिच्या नाटकाची होती. माहेरी आळंदला असताना ती कॉलेजच्या नाटकांतून बक्षिसं आणायची. लग्नानंतर मुलगी सृष्टी झाली, दुकान झालं, आणि नाटक 'कधीतरी' या सदरात गेलं. यंदा तिनं स्वतः एक नाटक लिहिलं, गल्लीतल्या बायका गोळा केल्या आणि दुकानावरच्या खोलीत दुपार-दुपार तालमी घेतल्या. नाटक एका लग्नाचं होतं. दोन्हीकडची मंडळी मानपानात इतकी गुंततात की नवरी मांडवात उभी आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही. शेवटी नवरी पुढं येऊन बोलते. नवरी भुवनेश्वरी होती, आणि ते शेवटचं बोलणं गावासमोर एकदा बोलता यावं, एवढंच तिला हवं होतं. नाटक सव्वा तासाचं. फेट्यांचा वेग बघता तिच्या वाट्याला आरतीपुरताही वेळ उरत नव्हता.

"मामा, रविवारी फेटे किती?" तिनं सासऱ्यांना विचारलं.

"डोकी जेवढी तेवढे."

"मग नाटक?"

"होईल की. सत्कारानंतर."

"सत्कारानंतर दहा वाजतात, मामा."

"मग थोडं कापून घे. शेवटचं तेवढं ठेव, चांगलं आहे म्हणतात."

"साडीचा नुसता पदर कापून द्या म्हटलं गिऱ्हाइकानं, तर द्याल?"

"देईन," शरणप्पा म्हणाले, "पैसे पुऱ्या साडीचे घेईन."

"साकु!" सासूबाई शरणम्मा आतून ओरडल्या. कानडीत हे 'पुरे'. सोमेश, म्हणजे भुवनेश्वरीचा नवरा, आपल्या ताटातल्या मिरचीकडं बघत बसला. दोघांचं चालू असताना तो नेहमी मिरचीकडंच बघतो.

भुवनेश्वरीनं रडून बघितलं नाही, कारण ती सासऱ्यांची सून होती आणि कशाला काय भाव येतो हे एव्हाना शिकली होती. शनिवारी ती सरळ आबांकडं गेली.

"आबा, उद्या तुमचा पण सत्कार आहे ना? स्टेजवर किती वेळ मिळेल?"

"किती म्हंजे? बसायचं, फेटा बांधून घ्यायचा, दोन शब्द बोलायचं, उतरायचं."

"आणि त्याऐवजी सव्वा तास बसायचं असेल तर?"

आबांनी चहाची बशी खाली ठेवली. "सव्वा तास? खुर्चीवर?"

"सोफ्यावर. माझ्या नाटकात लग्न आहे. वराकडची मंडळी लागतात, मानाची. सगळ्या सत्कारमूर्तींना तिथंच बसवू. फेटे नाटकातच बांधू, लग्नात बांधतातच की. सगळं गाव सव्वा तास तुमच्याकडं बघेल."

"आन बोलायचं?"

"वराकडच्यांना बोलावं लागतं का आबा? ते नुसते बसतात, आणि समोरच्यांची धावपळ होते."

आबांच्या तोंडावर जे आलं त्याला हसू म्हणता येईल. "पोरी," ते म्हणाले, "एवढी वर्सं राजकारण केलं म्या, पण असली जागा कुणी दिली न्हाय."

शरणप्पांनी हे ऐकलं आणि ताडून पाहिलं. डोकी तेवढीच, फेटे तेवढेच. फक्त भाषणं गेली, आणि भाषणांत त्यांचा माल नव्हता. ते खुशाल हो म्हणाले, वर आणखी चार नावं सुचवली.

रविवारी मांडव तुडुंब भरला. निवेदक इंद्रजित सरांना फक्त 'सुरू करूया' एवढंच बोलायला दिलं होतं; ते त्यांनी बरंच लांबवून म्हटलं. पडदा उघडला. डाव्या हाताला सोफ्यांची ओळ आणि तिच्यावर उमरग्याची सगळी मानाची डोकी, उघडी, वाट बघत. उजव्या हाताला नवरीकडच्या बायका. नवरीच्या बापाचं काम शिवणकाम करणाऱ्या प्रेमाबाईंकडं होतं. कोट, धोतर आणि भरघोस मिशी लावून त्या अशा हात जोडून उभ्या होत्या, की खरे मुलींचे बापही मागच्या रांगांत जरा सावरून बसले.

एक गोष्ट तेवढी भुवनेश्वरीकडून राहिली होती. फेटे कोणत्या टोकाकडून सुरू करायचे, हे तिनं शिवप्पांना सांगितलंच नव्हतं. शिवप्पांनी आपली पिशवी जिथं ठेवली होती तिथून सुरुवात केली. तिथं वीरप्पा आडते बसले होते. आबा दुसऱ्या टोकाला.

वीरप्पांचा तुरा उभा राहिला तसे आबा पण उभे राहिले.

"चला," ते म्हणाले. "आमी निघालो."

हे नाटकात नव्हतं. स्टेजवरच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. आबा पायऱ्यांपर्यंत गेले, पण उतरले नाहीत. तिथंच लोकांकडं पाठ करून बसले. वराकडचा माणूस रुसला की घरी जात नाही. तो दिसेल अशा ठिकाणी बसतो.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मागून कुणी तरी ओरडलं, "आबा, एक नंबर काम!"

प्रेमाबाई मिशी सांभाळत धावल्या. "आबासाहेब, चूक झाली, पोटात घाला."

"पोटात काय घालू? डोक्याचं बघा आधी. आडत्याला पयला आन मला मागनं?"

"माझ्या काय हातात होतं व्हय?" वीरप्पा सोफ्यावरून म्हणाले. "डोकं माझं हितं होतं, ते बांधलं."

"तुमी बोलू नका. वराकडच्यांनी बोलायचं न्हाय असं ठरलंय."

"मग तुमी काय करायलाव?"

लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरत होते. प्रेमाबाईंनी पुन्हा हात जोडले तेव्हा आबा म्हणाले, "तुमी राहू द्या बाई. खरा माणूस बोलवा."

नऊ वाजून गेले होते. भुवनेश्वरी मुंडावळ्या बांधून मांडवात उभी होती. आबा उठले नाहीत तर नाटक पुढं जात नव्हतं, आणि नाटक पुढं गेलं नाही तर तिचं बोलणं राहत होतं. तिनं दुकानाच्या पायरीकडं बघितलं. शरणप्पा तिथं स्टूल टाकून समाधानानं बसले होते.

"मामा!" ती माइकवरून म्हणाली. "माझ्या बाजूनं बोलायला कुणी नाही. तुम्ही या."

शरणप्पांना वाटलं, आपलं ऐकण्यात काही चुकलं. पण सगळा मांडव मान वळवून त्यांच्याकडं बघत होता. ते उठले. चप्पल दुकानातच राहिली.

सोमेशच्या लग्नात, आळंदला, हेच शरणप्पा फेट्याचं सूत जाडं आहे म्हणून जेवायला उठले नव्हते, आणि भुवनेश्वरीच्या वडिलांनी कलबुर्गीहून दुसरे फेटे मागवले होते. वराकडून रुसायचं कसं, यात ते पारंगत. समोरच्या बाजूनं समजूत काढायचा प्रसंग त्यांच्यावर आला नव्हता.

"आबा," ते हळूच म्हणाले, "उठा की. लोक बघतायत."

"बघू द्या. तुमी कोण?"

शरणप्पांनी मागं सुनेकडं बघितलं. "मी... नवरीचा बाप."

पुन्हा टाळ्या. शरणप्पांच्या आयुष्यात त्यांच्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती. कापड फाडल्याच्या आवाजाखेरीज त्यांना दाद अशी ठाऊक नव्हती. ते जरा ताठ झाले. आवाज चढला.

"नवरीचा बाप आहे मी! चूक आमची. बोला, तुमचा मान कसा करायचा?"

"भगवा तर आडत्यानं बांधला," आबा पाठमोरेच म्हणाले. "मला त्याच्या वरचा पायजे."

"सोमेश!" शरणप्पा ओरडले. "जरीचा आण!"

सोमेशनं बापाकडं असं बघितलं की इतकी वर्षं मिरचीकडं बघितल्याचं सार्थक व्हावं. मग तो धावला. जरीकाठी, रेशमी फेटा आला, काचेच्या कपाटातला, ज्याला शरणम्मांनाही हात लावू देत नसत. शिवप्पांनी तो आबांच्या डोक्यावर असा चढवला की फौजदार साहेब खुर्चीत पुढं सरकले. आबा उठले, सोफ्यावर बसले. टाळ्या थांबेनात.

"मग मी काय भगव्यातच बसू?" वीरप्पा म्हणाले.

इथं शरणप्पांना थांबता आलं असतं. पण मांडव त्यांच्याकडं बघत होता.

"कोण म्हणतं भगव्यात बसा?" ते गरजले. "आणा रे, सगळे जरीचे आणा! माझ्या लेकीचं लग्न आहे!"

शरणम्मा दुकानाच्या दारातून "साकु, साकु" म्हणत राहिल्या, पण त्यांच्याकडं माइक नव्हता.

कपाट रिकामं झालं. सोफ्यांवर जरीचे फेटे लखलखायला लागले. एवढं मिळाल्यावर कुणाला बोलायचं सुचलं नाही; मान हलली तर तुरा हलेल म्हणून सगळे श्वासही बेतानं घेत होते. राहिलेलं नाटक या शांततेत झपाट्यानं झालं, आणि नवरी हातात पिशवी घेऊन पुढं आली.

"सगळ्यांचे मान झाले का?" ती सोफ्यांकडं बघून म्हणाली. "मग एक विचारू? हे लग्न कुणाचं आहे? पत्रिकेत माझं नाव होतं, म्हणून आले. सकाळपासून उभी आहे. नवरा चांगला वाटतो, पण त्यालाही कुणी विचारलं नाही, तो तिकडं खुर्च्या मोजतोय..."

दहा वाजले. फौजदार साहेबांनी माइकवाल्याकडं बघायच्या आतच माइकवाल्यानं सवयीनं बटण दाबलं.

भुवनेश्वरी थांबली नाही. परवानगी माइकची संपली होती, गळ्याची नव्हती. मांडवातल्या पोरांना त्यांच्या आयांनी गप्प केलं, आणि पुढचं सगळं बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत नीट ऐकू गेलं. "मी घरी जाते," ती शेवटी म्हणाली. "तुमचं आटोपलं की मला बोलवा. जेवण ठेवू नका, मी जेवून येईन."

बायका उभ्या राहिल्या. फौजदार साहेब पण उभे राहिले, आणि मग सगळेच.

सकाळी शरणप्पा बिल घेऊन आबांकडं गेले. आबांनी जरीचा फेटा अजून काढला नव्हता. वीरप्पा पण तिथंच होते, तसेच.

"सहा रात्रींचं मंजूर," आबा म्हणाले. "सातवीचं हे कशाचं?"

"फेट्यांचं."

"ते तर तुमी नवरीचा बाप म्हणून बांधले की. सगळ्या गावानं बघितलं. पोरीच्या बापानं व्याह्याला बिल लावल्यालं म्या तरी ऐकलं न्हाय."

"अहो, ते नाटक होतं!"

"आस्सं?" आबांनी शेमला पुढं घेतला. "मग मी खोटा रुसलो व्हतो, असं म्हणायचंय का तुमाला?"

शरणप्पांनी वीरप्पांकडं बघितलं. वीरप्पा छताकडं बघत होते. माजी सभापतीचा रुसवा खोटा होता असं त्याच्या तोंडावर म्हणून उमरग्यात दुकान चालवायचं, हे काही सोपं नव्हतं. आणि रुसवा खरा, तर लग्न खरं.

"नाही," शरणप्पा म्हणाले. "खराच रुसलात तुम्ही."

"मग झालं. चहा घ्या."

घरी आल्यावर शरणम्मांनी विचारलं, "किती बुडाले?"

"लेकीच्या लग्नात बुडाले असं म्हणतात का?" शरणप्पा जरा घुश्शातच म्हणाले आणि जेवायला बसले. भुवनेश्वरीनं न विचारता दुसरी भाकरी वाढली. त्यांनी ती खाल्ली.

तर अखेर असं झालं. सहा रात्रींच्या फेट्यांचे पैसे समितीनं भरले, म्हणजे ज्यांनी ते बांधून घेतले त्यांच्याच वर्गणीतून. शाहीर, कवी आणि जादूगार आपापल्या भाड्यानं परत गेले. बघणाऱ्यांनी काहीच भरलं नाही. सातव्या रात्रीचे, भगवे आणि जरीचे मिळून, शरणप्पांनी भरले.