सिमेंटची मांजरा

मी एक युद्धनौका बोलतेय, असं छातीठोकपणे सांगायला मला फार आवडलं असतं. पण जिची छातीच विटांची, तिने जरा जपून बोलावं. मी सिमेंटची आहे. ठाण्यात कोपरीच्या एका छोट्या बागेत, चौथऱ्यावर, सात फूट लांब. पाणी पाहिलंय ते पावसाळ्यात माझ्या डेकवर साचतं तेवढंच. त्यात डास होतात, मग पालिकेचा माणूस येऊन माझ्यावर धूर सोडून जातो. रणधुमाळीचा माझा अनुभव तेवढाच.

खरी 'मांजरा' वेगळी. नदीचं नाव लावलेली, समुद्रातले सुरुंग काढणारी ती एक लहानशी नौका. एकाहत्तरच्या लढाईत, आठ डिसेंबरला, ती बुडाली. एकही माणूस परत आला नाही. त्यांतले तिघे आमच्या भागातले. म्हणून तीन वर्षांनी इथल्या मंडळाने स्मारक करायचं ठरवलं आणि माझा जन्म झाला.

मला घडवलं महेंद्र नावाच्या गवंड्याने. भला माणूस. तुळशीवृंदावनं सुरेख करायचा. पण युद्धनौका त्याने उभ्या जन्मात पाहिली नव्हती. वर्तमानपत्रातला एक पुसट फोटो आणि भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच, यांची सांगड घालून त्याने मला उभं केलं. एक धुराडं बरं दिसेना, म्हणून दोन बसवली. तोफ उरलेल्या पाइपाची. आणि हाताला सवय होती म्हणून नाकाडावर एक कमळही काढलं. अनावरणाला आलेल्या एका निवृत्त नौसैनिकांनी माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "भावना पोचल्या." माझं याहून खरं परीक्षण आजवर कुणी केलेलं नाही.

पायाशी काळ्या दगडाची पाटी. त्यावर तीन शहिदांची नावं, आणि खाली दुप्पट अक्षरांत मंडळाचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार.

पोरं मला 'मांजरीची बोट' म्हणतात. माझ्या तोफेला निवडणुकीत बॅनर बांधतात, एरवी तिच्यावर चादरी वाळत घालतात. वर्षातून एकदा, आठ डिसेंबरला, मला पुसतात, हार घालतात. "हीच ती शूर नौका!" असं म्हणून वक्ते माझ्याकडे हात करतात. सिमेंटला लाजता येत नाही, म्हणून निभावतं.

सगळे पांगले, खुर्च्या उचलल्या गेल्या, की मग शीलाताई तळवडेकर यायच्या. माझ्या बाजूच्या बाकावर बसून माझ्याशी बोलायच्या. त्यांच्या भावाची गोष्ट मला त्यांच्याच तोंडून कळली.

भाऊ धाकू. वय बावीस. खऱ्या मांजरावर इंजिनखान्यात कामाला. रजेवर घरी आला होता आणि तीन डिसेंबरला तातडीचं बोलावणं आलं. शीला तेव्हा सोळाची. आदल्याच दिवशी तिने त्याच्यासाठी एक पितळी डबा आणला होता, त्यावर भांडीवाल्याकडून नाव घालून घेतलं होतं. त्यात त्याला कुळथाचं पीठ भरून द्यायचं होतं. पण कुळीथ अजून भाजायचे होते, दळायचे होते.

"थांब रे, झालंच," म्हणत तिने त्याला दीड तास थांबवून घेतलं. तो घड्याळ बघायचा आणि हसायचा. शेवटी गरम डबा पिशवीत टाकून पळतच सुटला.

नौका त्या दिवशी ठरल्या वेळेआधी निघाली, हे मागून कळलं. धाकू पोचला की नाही, कुणालाच सांगता येईना. कोण कोण चढलं ते लिहिलेली वही जहाजावर होती आणि जहाजच गेलं. किनाऱ्यावरच्या यादीत तो रजेवर. म्हणजे मेलेल्यांत नाही आणि जिवंतांतही नाही.

कोपरीने आपल्यापुरता निकाल लावून टाकला. घाबरून पळाला! कुणी म्हणे दुबईला आहे, कुणाला तो सुरतेत पानाच्या गादीवर दिसला. आईने शेवटपर्यंत त्याचं श्राद्ध घालू दिलं नाही. पाटी घडत होती तेव्हा शीला मंडळाच्या सचिवाकडे गेली. सचिव म्हणजे आनंद, विशीतला पोरगा. पाटीवरच्या प्रभाकरचा धाकटा भाऊ. घरातलं माणूस गेल्याची जखम अजून ओली. तो म्हणाला, "माझ्या भावाच्या शेजारी पळपुट्याचं नाव नको."

तेव्हापासून दोघं एकाच गल्लीत राहिले, म्हातारे झाले. पण एकमेकांशी बोलले नाहीत.

शीलाताई मला म्हणायच्या, "माझ्यामुळे त्याची बोट चुकली असेल, तर तो जगला, पण पळपुटा ठरला. पोचला असेल, तर शूर, पण मेला. मग मी देवाकडे मागायचं तरी काय, सांग?"

मी काय सांगणार? मी आपली दोन धुराडी वर करून बसलेली. खरी मांजरा असते तर एका शब्दात सांगितलं असतं. नकली असल्याचं मला वाईट वाटलं असेल, तर ते तेवढ्यापुरतंच.

गेल्या नोव्हेंबरात एका सकाळी पाठीला सॅक लावलेली एक मुलगी बागेत आली. सरळ पाटीशी उकिडवी बसली आणि नावांवरून बोट फिरवायला लागली. माळी तानाजी झाडांना पाणी घालत होता.

"काका, नावं एवढीच?"

"एवढीच. का गं?"

"धाकू तळवडेकर नाहीये कुठे?"

तानाजीच्या हातातला पाइप खाली पडला. "तुला ते नाव कुणी सांगितलं?"

मुलीचं नाव रसिका, डोंबिवलीची. समुद्राचा तळ मोजणाऱ्या जहाजावर नोकरीला. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या यंत्राला ऐंशी मीटर खोल एक बुडालेली नौका दिसली होती. कॅमेरा खाली सोडला, तेव्हा शेवाळाखालचं नाव वाचता आलं. मांजरा.

जिचं सोंग घेऊन मी पन्नास वर्षं हार घालून घेतले, ती सापडली होती. रसिकाने तानाजीला फोटो दाखवला. त्याने फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे.

"एकच धुराडं?"

"एकच."

"आणि कमळ?"

"काका, युद्धनौकेला कमळ कसं असेल?"

इतकी वर्षं मी त्याला फसवत आले, अशा नजरेने तो माझ्याकडे बघायला लागला. मग एकदम भानावर येऊन शीलाताईंना आणायला धावला.

त्या घरच्याच साडीत आल्या, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. रसिकाने त्यांना बाकावर बसवलं आणि फोन पुढे केला.

"आजी, हा डबा इंजिनखान्याशी गाळात होता. आम्ही यंत्राच्या हाताने नुसता वळवला. बघा, अक्षरं आहेत."

शीलाताईंनी फोन जवळ नेला, लांब नेला. "मोठं कर गं." रसिकाने बोटांनी मोठं केलं. ठोकून घातलेली बारीक अक्षरं होती. 'धाकू तळवडेकर, कोपरी. शीलाकडून. २-१२-७१.'

"हा 'ळ' त्या मेल्याने वाकडा घातला," त्या म्हणाल्या. "मी दुकानात भांडले होते."

"तारीख दोनची आहे, आजी. आणि ते घरून निघाले..."

"तीनला." त्या उठून उभ्या राहिल्या. "पोचला. पोचला गं तो! मी एवढा उशीर केला, तरी पोचला!"

हसत होत्या की रडत होत्या, मला कळेना. तोल गेला म्हणून त्यांनी माझी तोफ धरली. पन्नास वर्षांत तिचा हा पहिला उपयोग. मी जीव मुठीत धरून उभी. महेंद्रचा पाइप टिकला.

मग पुन्हा बाकावर टेकत त्यांनी विचारलं, "डबा आणलास?"

"नाही, आजी. तिथलं काहीच वर आणायचं नाही. ती त्यांची जागा आहे."

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "राहू दे त्याच्याकडे."

बातमी दुपारपर्यंत गल्लीभर झाली. संध्याकाळी आनंदराव काठी टेकत आले. शीलाताई तिथेच बसल्या होत्या.

"शीला," ते म्हणाले. "चुकलं माझं."

"मला काय सांगतोस? आईला सांगायचं होतंस. ती गेली."

आनंदराव उभेच राहिले. बस म्हणायला कुणी नव्हतं आणि आपणहून बसायचा धीर त्यांना झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाथरवटाला घेऊन आले. पाथरवटाने पाटी पाहून मान हलवली. "चौथ्या नावाला जागाच नाही, साहेब. खाली सगळी कमिटी आहे."

"त्यातलं सचिवाचं काढ."

"ते तर तुमचंच आहे!"

"माझंच. घासून काढ आणि तिथे त्याचं घाल. अक्षर मोठं आलं तरी चालेल."

दिवसभर छिन्नी चालली. आनंदराव खुर्ची टाकून, आपलं नाव जाताना बघत बसले होते.

यंदाच्या आठ डिसेंबरला शीलाताई पहिल्या रांगेत होत्या. मंडळाचा नवा सचिव मितेश उत्साही आहे. त्याने जाहीर केलं की आता खरे फोटो मिळालेत, तेव्हा फायबरची हुबेहूब मांजरा करू आणि ही जुनी काढून टाकू. टाळ्या पडल्या. मला हात असते तर मीही वाजवल्या असत्या. एवढं खोटं दिसत उभं राहणं सोपं नसतं हो.

शीलाताई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "नवी कर, बाबा, झकास कर. पण ही कोपऱ्यात राहू दे. हिला सगळं ठाऊक आहे. नवीला पहिल्यापासून कोण सांगत बसणार?"

विषय सध्या मंडळाच्या पुढच्या सभेवर ढकललाय. म्हणजे मला अजून बरंच आयुष्य आहे.

तेव्हा कधी कोपरीला आलात, तर बागेत या. मला बघून हसा खुशाल, मी रागावणार नाही. फक्त आधी पाटीवरची चारही नावं वाचा, आणि मोठ्याने वाचा. खाली ऐंशी मीटरवर ती ऐकू जायची नाहीत. पण या गल्लीत जातात.