रिकामा रकाना

संचालकांनी पडद्यावर बोट टेकवलं, ते नेमकं डोंगरावरच्या दवाखान्याच्या फोन नंबरावर.

"हा नंबर काढून टाका. आत्ताच."

काचेवर तेलकट ठसा उमटला होता. वेबबाईने आधी तो रुमालाने पुसला आणि मग मान वळवली.

कार्यालयात तिला सगळे वेबबाईच म्हणत. संस्थेचे जनावरांचे नऊ दवाखाने होते आणि त्यांच्या नऊ वेबसाइट ती एकाच यंत्रणेवर चालवत होती. एक चूल, नऊ भांडी, असं ती नव्या माणसाला समजावून सांगे. वर मुख्य कार्यालयाची साइट आणि तिच्या हाताखाली या नऊ. एखाद्या दवाखान्याचा पत्ता किंवा नंबर भरायचा राहिला, तर यंत्रणा ती जागा मोकळी सोडत नसे. मुख्य साइटवर जे असेल ते आपोआप तिथे उतरत असे.

"साहेब, हा रकाना रिकामा ठेवला तर..."

"बाई, मला ते तांत्रिक काही नको. सांगितलं तेवढं करा."

"अहो, पण रिकामा ठेवला की वरचा..."

"तेवढं करा म्हटलं ना!"

त्यांच्या बगलेत एक फाइल होती. डोंगरावरचा दवाखाना बंद करायचा प्रस्ताव त्या फायलीत आहे आणि तो शुक्रवारी समितीपुढे जाणार आहे, हे टाइप करणाऱ्या कारकुनाने तिला सकाळीच सांगितलं होतं. तिथे कोणी फोनसुद्धा करत नाही, असं प्रस्तावात म्हटलं होतं. ते आता खरं करून दाखवायचं चाललं होतं. या दिवसांत बाहेरगावचे मेंढपाळ कळप घेऊन डोंगरावर चढत. त्यांना तिथलं काही ठाऊक नसे, दवाखान्याचा नंबर ते मोबाइलवर शोधत. तो सापडला नाही तर खालचा दवाखाना अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होता, आणि अडलेली मेंढी अर्धा दिवस थांबत नाही. वेबबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"लेखी द्या," ती म्हणाली.

"काय?"

"नंबर काढायचा आदेश. तुमच्या सहीने."

संचालकांनी तिथलाच एक कागद ओढला, उभ्या उभ्या दोन ओळी खरडल्या, सही ठोकली आणि ते तरातरा निघून गेले. तिने कागद दोनदा वाचला, खणात ठेवून कुलूप लावलं आणि मग रकाना रिकामा केला. डोळ्याचं पातं लवायच्या आत तिथे मुख्य साइटवरचा नंबर येऊन बसला. तो संचालकांच्या टेबलावरचा होता. संस्थेचा चेहरा आपणच दिसलं पाहिजे, म्हणून मागच्या वर्षी त्यांनीच तो हट्टाने घालायला लावला होता. रिकाम्या रकान्याचं तिने आज दोनदा सांगून पाहिलं होतं. तिसऱ्यांदा सांगायला ती काही त्यांची आई नव्हती.

दुपारी तिने मावशीला फोन लावला. मावशी त्याच डोंगरावर राहायची, तीन शेळ्या घेऊन. सगळं ऐकून घेतल्यावर मावशी एवढंच म्हणाली, "त्या मेल्याचा नंबर दे बघू."

हे सोमवारचं. गुरुवारी सकाळी संचालकांनी तिला लॅपटॉप घेऊन केबिनमध्ये बोलावलं. त्यांचे केस विस्कटले होते.

"मेंढ्या! तीन दिवस नुसत्या मेंढ्या! काल एक जण मला विचारतो, लेंडी पातळ पडतेय, काय पाजू? आणि ती एक म्हातारी! रोज अकराच्या ठोक्याला फोन करते, शेळीचं पोट फुगलंय म्हणून. मी डॉक्टर नाही म्हटलं, तर म्हणते, मग तिथे बसलायस कशाला?"

वेबबाईने खालचा ओठ दाताखाली धरला.

"तुम्ही मुद्दाम केलंत हे."

"हो. तुम्ही लेखी दिलंत, तसंच मुद्दाम केलं."

"माझा नंबर काढा तिथून."

"दवाखान्याला त्याचा स्वतःचा नंबर दिला की तुमचा आपोआप निघेल. दुसरा मार्ग म्हणजे मुख्य साइटवरूनच तुमचा नंबर काढायचा. काढू?"

ते काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. पलीकडचा माणूस इतक्या मोठ्याने ओरडत होता की तिलाही ऐकू येत होतं.

"मेंढी अडलीय, साहेब! एकच पाय बाहेर आलाय. तासभर झाला, उभी राहत नाहीये. काय करू, सांगा ना!"

संचालकांचा चेहरा उतरला. त्यांनी रिसीव्हरवर हात धरला.

"डोंगरावरच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर? लवकर!"

"तुमच्या समोरच्या फायलीत आहे. पहिलंच पान."

त्यांनी प्रस्ताव उघडला. दवाखान्याच्या नावाखाली नंबर होता, आणि त्याच्याखाली वाक्य होतं, 'या दवाखान्यात दूरध्वनी येत नाहीत.' ते एकेक आकडा मोठ्याने वाचू लागले. समोरच्याने लिहून घ्यावा म्हणून त्यांनी तो पुन्हा एकदा वाचला. त्यांच्या तोंडून आकडा बाहेर पडेल तसा ती तो रकान्यात भरत गेली.

"आधी त्यांनाच लावा हं. लगेच लावा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि कपाळ पुसलं.

"भरला," वेबबाई म्हणाली.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. नको म्हणाले नाहीत.

"आता तरी येणार नाहीत ना फोन?"

"साइटवरून नाही येणार."

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले आणि फोन खणखणला. मावशीला दवाखान्याचा नंबर बारा वर्षांपासून तोंडपाठ होता. तिला कुठल्याच साइटची गरज नव्हती, आणि शुक्रवारची बैठक होईपर्यंत ती थांबणारही नव्हती.

"उचला, साहेब," वेबबाई म्हणाली. "शेळीचं असेल."

संचालकांनी रिसीव्हर उचलला.

"बोला, आजी," ते म्हणाले. दुसऱ्या हाताने त्यांनी प्रस्ताव जवळ ओढला, त्या वाक्याकडे जरा वेळ बघितलं, आणि दातांनी पेनाचं टोपण काढलं.