घर ऐकू नये

“गाणं ऐकावं, ताई. घर ऐकू नये.”

नागनाथकाका मला असं म्हणाले तेव्हा त्यांच्या एका हातात डाग द्यायची सळई होती आणि दुसऱ्या हातात कुणाचा तरी उघडा रेडिओ. परभणीला स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. मी हसले. वय झालं की माणसं असं वजनदार काहीतरी बोलतातच, असं मनाशी म्हटलं, कॅसेट ठेवलेला गोळ्यांचा पत्र्याचा डबा पिशवीत टाकला, कडेवरच्या चिमीचं टोपरं कानावर ओढलं आणि येलदरीची बस गाठली.

आमची ती फिरती कॅसेट. आधी तिचं सांगते.

काकांच्या दुकानात पूर्वी एक लांब बाकडं होतं. कामावरून सुटलेली माणसं तिथं बसून रेडिओ ऐकत आणि गाण्यांवर भांडत. मग विद्यापीठाच्या नावावरून गावं पेटली. त्या साली बाकड्यावरची माणसं आधी आडनावाप्रमाणे सरकून बसायला लागली, आणि नंतर यायचीच बंद झाली. काकांनी बाकडं आत नेऊन त्यावर मोडके रेडिओ रचले. पुढं टेपरेकॉर्डर घरोघरी दिसायला लागले तेव्हा त्यांना ही कल्पना सुचली. चार गावं, चार माणसं, एकच कॅसेट. प्रत्येकाला अर्धी बाजू. कॅसेट आपल्याकडे आली की आधी सगळ्यांचं ऐकायचं, मग आपला जुना भाग पुसून नवा भरायचा. इतरांनी टाकलेल्या गाण्यांवर आपलं खरं मत, आणि शेवटी आपलं एक गाणं, बाकी तिघांनी कधी ऐकलं नसेल असं.

नियम एकच. आडनाव सांगायचं नाही. गाव सांगा, नाव सांगा, बास.

त्यामुळे डबा कंडक्टर-गार्डांच्या हाती फिरे, कुणाच्या घरी जात नसे. झरीला तो पिठाच्या गिरणीत उतरे, येलदरीला बसथांब्यावरच्या हॉटेलात, पिंगळीला स्टेशनवरच्या चहाच्या टपरीवर. ज्याचा त्यानं येऊन न्यायचा.

झरीचे आश्रुबा गिरणी चालवत. त्यांचं मत म्हणजे तिखट. काकांनी एकदा शॉर्टवेव्हवर कुठल्याशा देशाचं गाणं धरलं होतं, भाषासुद्धा कळत नव्हती. आश्रुबा म्हणाले, “काका, ह्यो माणूस रडायलाय का गायलाय? रडत आसंल तर सूर लय चांगला हाय.” मी धरणावर मासे धरणाऱ्या बायकांचं एक गाणं टाकलं, तर म्हणाले, “येलदरीचं गानं बरं हाय, पर मीठ कमी हाय. पान्यात ऱ्हाऊन आळनी झालं.”

मी एकटी बसून खळखळून हसले. चिमी दचकून उठली.

एकटी म्हणजे खरंच एकटी. ह्यांची नोकरी वीजघरात, पाळ्यांची. क्वार्टर्स निम्मे रिकामे. दिवसभर खालून यंत्रांची घरघर, आणि ह्या खोलीतून त्या खोलीत मी. बी.ए. झाले होते, पण चिमी झाल्यापासून एक पान सलग वाचलं असेल तर शपथ. ती झोपली की तिच्या नाकापाशी तळहात धरायचा. वारा लागला की काढायचा. थोड्या वेळानं पुन्हा धरायचा. हे म्हणत, “तुला सगळीकडं आजारच दिसतो.”

दिसतो. आणि ऐकूही येतो. कॅसेट लावली की गाणं पुढं वाजत असे आणि माझे कान मागं गेलेले असत. आश्रुबांच्या मागं गिरणीचा पट्टा फटफटत असे, आणि कुणीतरी म्हातारी “माजं जवारीचं आधी” म्हणून भांडत असे. काकांच्या मागं सायकलच्या घंट्या. माणसांची घरं मला माहीत नव्हती, पण त्या घरांत मी जाऊन बसत होते.

सगळ्यांत जास्त बसले ते पिंगळीत.

“मी पिंगळीहून बायना बोलायलेय,” अशी तिची सुरुवात. मग जराशी थांबून, “आवाज यायलाय का न्हाई, कुणास मालूम.” तिची गाणी ऊसतोडीची. बैलगाडीच्या मागं चालत म्हणायची, मोळी बांधताना म्हणायची. छापील पुस्तकात नाहीत, रेडिओवर नाहीत. एक अजून ओठावर आहे:

कोयता झाला मुका, ऊस उभा गं बोलतो
माझ्या माहेराचा रस्ता पाचटानं झाकतो

ह्यावर आश्रुबांनी पहिल्यांदाच नुसतं “हं” केलं, आणि पट्ट्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

तिच्या मागं आधी गाडीची शिट्टी येई. मग गाडी जाई, आणि ती गेल्याबरोबर एक हातपंप सुरू होई, मध्येच कण्हल्यासारखा. आणि ह्या सगळ्याच्या खाली, अगदी जवळ, झोळीचा दोर आढ्याला घासल्याचा आवाज. कर्र, कर्र. तिच्याकडेही लेकरू आहे हे तिनं सांगण्याआधी मला कळलं ते असं.

तिचा आवाज मात्र खेपेगणिक बारीक होत गेला. शेवटी शेवटी शाळकरी पोरीसारखा. आश्रुबा थट्टा करत, “पिंगळीची बाई दर खेपंला ल्हान व्हायलीय. आता पुढच्या खेपंला पाळन्यातून गाती का काय!” ह्यांनी मला कारण सांगितलं. सेल उतरलेले असले की भरताना टेप हळू फिरते, आणि तीच आपल्या विजेवर लावली की भरभर आणि बारीक वाजते. तिच्याकडे वीज नाही. टेप भावानं औरंगाबादहून आणून दिलेला. सेल संपत आले तरी ती गात होती.

मी दोन नवे सेल आणले, कागदात गुंडाळले, वर ‘पिंगळीसाठी’ लिहिलं आणि डब्यात ठेवले. माझ्यानंतर डबा परभणीवरून पिंगळीलाच जाई.

सेल ठेवले त्याच खेपेला तिच्या भागात ती म्हणाली होती, “झरीच्या भाऊंचं भारूड लय आवडलं. हसून पोट दुखलं. आमची मानसं सगळी कारखान्यावर गेलीत, तोडीला. मी मागं ऱ्हायलेय, लेकराला बरं न्हाई म्हनून. दूध वढंना झालंय. त्याला बरं वाटलं की पुढच्या खेपंला पाळन्याचं गानं टाकीन.”

ते ऐकून मी उठून चिमीला उचलून घेतलं होतं.

पुढची खेप आली. दुपारी चिमी झोपल्यावर मी डबा उघडला. सेल तसेच होते. कागद तसाच, ‘पिंगळीसाठी’.

कॅसेट लावली. काकांचा भाग नवा. आश्रुबांचाही नवा: “पिंगळीच्या बाईंना भारूड पटलं म्हन्ती, त्यांचे आभार. त्यांचं गानं न्हेमीसारखं ग्वाड.” मग पिंगळी लागली. “झरीच्या भाऊंचं भारूड लय आवडलं. हसून पोट दुखलं…”

ते भारूड आता कॅसेटवर नव्हतंच. आश्रुबांनी ते कधीच पुसलं होतं. पुसून गेलेल्या गाण्याला ती अजून दाद देत होती, आणि आश्रुबा त्याच दादेचे दुसऱ्यांदा आभार मानत होते. तेच वाक्य, तीच शिट्टी, तोच पंप, तीच झोळी. तिनं काही भरलंच नव्हतं.

हे पाळीवरून आले तेव्हा मी दारातच सांगितलं.

“अगं, विसरली असेल. लेकरू आजारी आहे म्हणतेस ना?”

“म्हणूनच तर.”

“आडनाव माहीत नाही, गल्ली माहीत नाही. कुठं शोधणार? जेवायला वाढ.”

मी त्या खेपेला गाणं भरलं नाही. माझ्या भागात नुसतं विचारलं, बायनाताई, लेकरू कसं आहे? डबा फिरून आला. आश्रुबा म्हणत होते, “येलदरीनं ह्या खेपंला गानंच न्हाई टाकलं. नियम मोडला. दंड म्हनून पुढं दोन टाका.” आणि पिंगळी? झरीच्या भाऊंचं भारूड लय आवडलं. कर्र, कर्र.

संक्रांतीला माहेरी परभणीला गेले, ती कॅसेट घेऊनच. आधी काकांचं दुकान.

“तिचा पत्ता द्या, काका.”

“माझ्याकडं कुणाचाच नाही. तुमचाही नाही. म्हणून तर हे इतकी वर्षं चाललं.” काकांनी चष्मा कपाळावर नेला. “तुम्हाला सांगितलं होतं, घर ऐकू नका म्हणून. एकदा ऐकलं की सुटका नाही. मी ऐकलीत तसली घरं. त्या साली बाकड्यावर बसणारे कुठल्या कुठल्या घरांत गेले आणि काय करून आले, ते मला इथं बसून कळत होतं.”

ते जरा मऊ झाले.

“दोन खेपा रिकाम्या गेल्या तिच्या. पूर्णेचा एक मुलगा मागं लागलाय. तिची जागा त्याला देऊ म्हणतो. द्या इकडं कॅसेट, पुसून ठेवतो.”

मी पिशवी काखेत घट्ट धरली आणि दुकानाची पायरी उतरले.

आईला म्हटलं, वाण द्यायला मैत्रिणीकडे जाते. चिमीला घेऊन सकाळच्या पॅसेंजरनं पिंगळी. टपरीवर सरजाबाई, मोठं कुंकू, स्टोव्हला पंप मारत होत्या. मी बायनाबद्दल विचारलं.

“कोन्ती बायना? बायना म्हनून हाळी दिली तर निम्मी पिंगळी वळून बघंल. आन तुमी कोनाच्या?”

मी माझं आडनाव सांगितलं. तोंडातून गेल्यावर लक्षात आलं, किती दिवसांनी ते कुणाला सांगितलं. सरजाबाईंनी फडकं घेतलं, बाकडं पुसलं. “बसा की. लेकीला उन्हात नका धरू. च्या टाकू का?”

“गोळ्यांचा पत्र्याचा डबा न्यायला एक बाई यायची बघा.”

“हां, ती गान्याची! यायची की. लेकरू कडंवर, डबा पदराखाली. आता दोन खेपा आलीच न्हाई. डबा पडून ऱ्हायला, मग मीच दिला गार्डाजवळ माघारी.”

“तिचं आडनाव?”

“मी कशाला इचारू? डबा घ्यायची, चार शब्द बोलायची. बाकड्यावर मातर कधी बसली न्हाई. उभ्यानंच.”

मी बसले होते ते बाकडं अजून ओलं होतं.

“शेवटी आली तेव्हा लेकरू कसं होतं?”

“निजल्यालं. लय गुनाचं. गाडीनं शिट्टी मारली तसा माजा कप हातातून सुटला, पर त्यानं डोळा उघडला न्हाई. तिला म्हनलं बी मी, बया, असं शांत लेकरू नशीबानं मिळतंय.”

माझा चहा तसाच राहिला.

“ती कोणीकडे जायची?”

सरजाबाईंनी हनुवटीनं दाखवलं. “रूळ वलांडून.”

मी रूळ ओलांडले. पलीकडे घरं होती आणि घरांना कुलपं होती. माणसं तोडीला गेलेली. अंगणात उलटी घातलेली खाट, बांधून ठेवलेली केरसुणी, एक शेळी. मी उभी राहून ऐकत होते. पंपाचा आवाज असा आपोआप थोडाच येतो? पाणी भरायला माणूस लागतं. एक हातपंप दिसला, मी दांडा मारला. मुकाट चालला. दुसरा कोरडा, नुसता खडखडला. दोन्ही तिचे नव्हते. उघड्या दाराच्या एका घरात म्हातारे गृहस्थ बसले होते.

“कोन पायजे?”

“बायना. लहान लेकरू आहे तिला. गाणी म्हणते.”

“आडनाव काय?”

“माहीत नाही.”

“मग नवऱ्याचं नाव?”

तेही माहीत नव्हतं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “आडनावाबिगर घर कसं घावंल, बाई? मी सांगू तरी कोन्या वस्तीचं? नाल्याच्या पल्याड बी हायत घरं. तिकडंच्यायचं आमाला काय दखल न्हाई.”

नाल्याकडे निघाले, आणि तेवढ्यात लांबून परभणीकडे जाणाऱ्या गाडीची शिट्टी झाली. ही चुकली तर थेट संध्याकाळची. चिमी रडायला लागली होती, अंग कोमट लागत होतं. ऊन असेल, किंवा ऊन नसेल. मी तिथं उभी राहिले. गाडी गेली की लगेच पंप वाजतो, हे मला पाठ होतं. थांबले असते तर ऐकू आलं असतं कदाचित. पण गाडी जायच्या आत मला तिच्यात बसायचं होतं.

मी धावले. सरजाबाई हाका मारत होत्या, “च्या तरी पिऊन जायचा!”

गाडी सुटली तशी खिडकीतून कान बाहेर काढला. चाकांशिवाय काही ऐकू आलं नाही.

चिमीला काही झालं नव्हतं. संध्याकाळी खेळायला लागली. ह्यांना सगळं कळलं, आता लेकराला घेऊन असं भटकणं पुन्हा नको म्हणून मला शपथ घातली आहे. आश्रुबांना गिरणीवर निरोप पाठवला. ते म्हणाले, हंगाम सरला की जातो. कॅसेट अजून माझ्याकडेच आहे. काकांचा निरोप येतो, मी देत नाही. तिचा भाग पुसला तर तिचं घर ओळखायला माझ्याजवळ दुसरं काही उरत नाही.

म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही पिंगळीचे असाल, किंवा त्या बाजूला जाणं झालं, तर रूळ ओलांडा आणि नाल्याच्या पलीकडे जा. गाडी येईपर्यंत थांबा, ती पूर्ण जाऊ द्या. मग कुठं हातपंप कण्हतोय का ऐका. त्याच्या जवळच्या घरांत झोळीचा दोर आढ्याला घासत असेल. नसेल घासत, तरी दार वाजवा. आडनाव विचारू नका. येलदरीहून सेल पाठवलेत म्हणा, आणि लेकराच्या नाकापाशी एकदा तळहात धरून बघा.