चटई गटातली वहिनी

त्या थंडीत वहिनीला चौथ्यांदा सर्दी झाली, तेव्हा तिची कीव करायची घरात कोणाला इच्छाच उरली नव्हती. पहिल्या सर्दीला नवऱ्याने वाफ घ्यायला पाणी गरम करून दिलं होतं. दुसरीला नुसती विचारपूस केली. चौथीला डोळ्यावरचं भिंगही न काढता म्हणाला, "आली वाटतं पाहुणी."

तो घड्याळं दुरुस्त करायचा, ती पडदे शिवायची. एकाच लांबट खोलीची दोन टोकं दोघांनी वाटून घेतली होती. तिकडे ती शिंकली की इकडे त्याच्या चिमट्यातला स्क्रू उडायचा आणि मग अर्धा तास गुडघ्यांवर बसून शोधावा लागायचा. त्यामुळे बायकोच्या सर्दीचा खरा त्रास आपल्यालाच होतो, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

वहिनी अठ्ठावन्न वर्षांची. पाळी थांबून सहा वर्षं झाली होती, आणि त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. दिवसाचे आठ तास मशीनवर. हलायचा तो फक्त उजवा पाय, तोही पेडलपुरता. कोणी व्यायामाचं नाव काढलं की ती तोच पाय पुढे करून दाखवायची.

तिला या भानगडीत ओढलं ते नणंदेने. नणंद लहानपणी काडीसारखी होती म्हणून तिला चिमणी म्हणायचे. आता ती छप्पन्नची होती, पोस्टाच्या खिडकीमागे बसायची, आणि खुर्ची मोठी मिळावी म्हणून तिने दोनदा अर्ज केला होता. नाव मात्र चिमणीच राहिलं होतं.

"वहिनी, हे बघ," म्हणत चिमणीने पोस्टातल्या फळ्यावरचा कागद सरळ काढून आणला होता. "रजोनिवृत्तीनंतरच्या, बैठं काम करणाऱ्या स्त्रिया हव्यात. व्यायाम आणि प्रतिकारशक्ती. सोळा आठवडे."

"तू फळ्यावरून काढून आणलास? मग बाकीच्या स्त्रियांनी काय वाचायचं?"

"मला एकटीला जायचं नाहीये गं. आणि शिंकतेस तू, मी नाही."

हे खरं होतं. दोघी गेल्या.

संशोधन करणारी डॉक्टर तिशीतली होती. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, आणि तीच पेन्सिल ती टेबलावर शोधत होती. तिने सगळं नीट समजावून सांगितलं. वय वाढलं, पाळी थांबली की शरीराच्या संरक्षणाची घडीही थोडी बदलते. दम लागेल असा व्यायाम नियमित केला तर रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या कामात काही फरक पडतो का, हे तिला बघायचं होतं. त्यासाठी दोन गट. एक गट आठवड्यातून चार दिवस चाळीस मिनिटं भरभर चालणार. दुसरा दोन दिवस चटईवर अंग ताणणार, बाकी नेहमीसारखं जगणार. कोण कुठे, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार.

वहिनीला चालायचं होतं. चिमणीला चटई हवी होती. आडवं होण्याशी संबंध असलेला एवढा एकच व्यायाम तिच्या माहितीत होता. पाकिटं उघडली. वहिनीला चटई आली, चिमणीला चालणं.

"आम्ही आपसात बदलून घेतो," वहिनी म्हणाली.

"नाही चालणार, काकू. सगळ्यांनी मनासारखं निवडलं तर तुलना कशाशी करायची?"

"म्हणजे मी नुसती तुलनेला?"

"तुमच्याशिवाय आमचं काहीच सिद्ध होणार नाही," डॉक्टर म्हणाली. ती मनापासून म्हणाली होती, पण वहिनीला ती समजूत वाटली.

पहिल्या सोमवारी सकाळी चिमणी उठलीच नाही. मंगळवारी उठली आणि बूट सापडत नाहीत म्हणून पुन्हा झोपली. बुधवारी वहिनी तिच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मी फक्त कोपऱ्यापर्यंत सोडायला येते," ती म्हणाली.

कोपऱ्यावर पोचल्यावर चिमणीने परत फिरायची तयारी दाखवली, म्हणून वहिनी शाळेच्या कुंपणापर्यंत गेली. मग पूल लागला. मग पाण्याच्या टाकीकडे जाणारा चढ लागला, आणि तिथे चिमणीला एकटं सोडणं म्हणजे माणुसकीच नव्हे. चाळीस मिनिटांनी दोघी घरी आल्या तेव्हा चिमणी लालबुंद झाली होती आणि वहिनी खुशीत होती.

"आज घड्याळ मागे पडलंय की तू पुढे गेलीस?" नवऱ्याने विचारलं.

"तुमच्या बहिणीला पोचवायला गेले होते."

"कुठे? सरहद्दीवर?"

असे आठवड्यातून चार दिवस. प्रत्येकीला एक वही दिली होती, त्यात दिवसभरात किती हालचाल झाली ते लिहायचं होतं. वहिनी रोज एकच शब्द लिहायची: घरकाम. अक्षर मात्र दिवसेंदिवस बारीक होत चाललं होतं.

आठवा आठवडा आला. सर्दी झाली ती चिमणीला. "एवढी चालते मी, आणि पेशी कुठे चालल्यात माझ्या?" असं पोस्टाच्या खिडकीतून ती नाक पुसत सगळ्यांना विचारत होती. वहिनी ठणठणीत. उरलेली थंडी ती एकदाही शिंकली नाही, आणि हे नवऱ्याने शेजारच्या वाण्यालाही सांगितलं.

मग मधली तपासणी झाली. जागच्या जागी चालवायच्या सायकलवर बसायचं, छातीला पट्टा बांधायचा, हळूहळू पेडल जड होत जाणार. पहिल्या वेळी वहिनीने सहा मिनिटांत हात वर केले होते. आता अकरा झाली तरी ती पेडल मारतच होती, आणि वर शेजारच्या बाईशी पडद्याच्या अस्तराबद्दल बोलत होती.

डॉक्टर आकड्यांकडे बघतच राहिली. "काकू, नुसत्या चटईवर? हे फार वेगळं आहे. हे मला आमच्या सरांना दाखवायलाच हवं."

तिचा चेहरा इतका उजळला होता की वहिनीला बोलवेना. ती मान हलवून घरी आली आणि शाळेच्या रंगमंचाचा पडदा शिवायला बसली. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिने एक पट्टी उलट्या बाजूने जोडली, ती उसवली, आणि पुन्हा उलटीच जोडली.

"काय झालंय?" नवऱ्याने या वेळी भिंग काढून विचारलं.

तिने सांगितलं. तो हसला नाही. "ती मुलगी त्या आकड्यांवर काहीतरी उभारेल गं," एवढंच म्हणाला.

चिमणीला तिने तडक पोस्टात गाठलं. "तू तरी बोलायचंस."

"बोलले असते. पण मग मला उठवायला कोण आलं असतं?"

संध्याकाळच्या आत वहिनी डॉक्टरसमोर बसली होती. वही तिने टेबलावर ठेवली. "यातलं घरकाम म्हणजे पाण्याची टाकी," ती म्हणाली. "रोज. म्हणजे चार दिवस. येताजाता चढ धरून."

डॉक्टरने वही ओढून पानं मागे उलटली. ती चिडली होती, आणि ते तिने लपवलंही नाही. "काकू, गेले तीन दिवस मी चटईवरचे शोधनिबंध वाचतेय," ती म्हणाली. "रात्री झोप नाही मला."

"चुकलंच माझं. काढून टाक मला."

"काढताही येत नाही. चिठ्ठीत जो गट निघाला त्यातच तुमची गणती राहणार. पण तुम्ही चाललात, हे लिहावं लागेल. खरी वही करून द्या मला, जेवढं आठवतंय तेवढं. आणि उरलेले आठवडे चटई म्हणजे चटई."

"पण मला सर्दी झाली नाही, त्याचं काय?"

"एका बाईच्या नाकावरून मला काही म्हणता येत नाही." इथे मात्र तिला हसू आलं. "तुमच्या नणंदेच्या तर नाहीच नाही."

उरलेले आठवडे वहिनीला फार जड गेले. सकाळी आपोआप जाग यायची. ती खिडकीत उभी राहून चिमणीची वाट बघायची, म्हणजे ती जातेय की नाही ते बघायची. पहिल्या दिवशी चिमणी दहा मिनिटं उशिरा, तोंड पाडून गेली. दुसऱ्या आठवड्यात वेळेवर जाऊ लागली. नंतर वर बघून हातही करेनाशी झाली. पोस्टातल्या कोणा दोघींना तिने सोबत घेतलं होतं म्हणे, आणि त्यांना ती रागावायचीही.

शेवटचं रक्त देऊन झालं. निकाल एकत्र लागायला वर्ष जाणार होतं. डॉक्टरने वहिनीच्या खऱ्या वहीचे आभार मानले. त्यात तिने पाऊस, कुत्रा, चिमणीची रडारड, सगळं तारीखवार लिहिलं होतं.

"आता मी मोकळी?"

"मोकळ्या. हवं तेवढं चाला, काकू. फक्त लिहून ठेवू नका."

दुसऱ्या दिवशी वहिनी उजाडताच खाली उतरली. चिमणी आली, थांबली नाही. पुलापर्यंत वहिनी तिच्या बरोबरीने होती. चढ सुरू झाला तसा तिला दम लागला. चिमणी दहा पावलं पुढे, मग वीस.

"अगं थांब की जरा!"

"बोलू नकोस वहिनी," चिमणी मागे न बघता म्हणाली, "श्वास वाया जातो."

वहिनीने कमरेवर हात ठेवले, मनातल्या मनात नणंदेला दोन शब्द ऐकवले, आणि पदर खोचून चढ चढायला लागली.